पुस्तकाचा सातबारा

जुने वैद्यकीय ग्रंथ जमवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सही आहे का?" दुसरा: "खरी आहे का?" हे पुस्तक तुमच्यापर्यंत आलं कसं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. शेतजमीन घेताना आपण सातबारा काढतो, फेरफार तपासतो. पुस्तकाचाही असा उतारा असतो. फक्त तो तलाठ्याकडे मिळत नाही, पुस्तकातच शोधावा लागतो. जाणकार त्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. माझ्या मते सहीपेक्षा जास्त मोल त्याचं.

आधी सहीचं बघू. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांत सुरुवातीला लेखकाचं चित्र आणि त्याखाली त्याची छापील सही देण्याची पद्धत होती. अशी छापील सही 'ऑटोग्राफ' म्हणून सर्रास विकायला येते. भिंगाखाली धरली की खरं-खोटं कळतं. टाकाचं टोक दाबाखाली फाकतं, त्यामुळे जाड रेघेच्या दोन्ही कडांना बारीक चर उमटतात. वळणावर शाई साचते. जुनी लोहयुक्त शाई काळाबरोबर तपकिरी होते आणि कित्येकदा पानाच्या मागच्या बाजूलाही उतरते. छापील रेघेत यातलं काही नसतं.

पण सही खरी निघाली तरी ती एवढंच सांगते, की एके दिवशी हे पुस्तक अमक्याच्या हातात होतं. त्यानं ते वाचलं का, वाचून त्याला काय वाटलं, हे कळतं समासातून.

याचं सर्वांत मोठं उदाहरण व्हेसॅलियसचं. मानवी शरीररचनेवरचा त्याचा 'फॅब्रिका' हा ग्रंथ 1543 साली बाझेलमध्ये छापला गेला. सुधारलेली दुसरी आवृत्ती 1555 ची. या दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत 2007 मध्ये कॅनडातल्या एका डॉक्टरांनी लिलावात घेतली. समास लॅटिन टिपणांनी आणि दुरुस्त्यांनी भरलेले होते. एखादा हौशी वाचक इतक्या कसोशीनं लेखकाच्या चुका का काढेल, हा खरा प्रश्न होता. वैद्यकाचे इतिहासकार व्हिव्हियन नटन यांनी अभ्यास करून दाखवून दिलं, की टिपणं खुद्द व्हेसॅलियसची आहेत. ओळख पटली ती हस्ताक्षरावरून आणि दुरुस्त्यांच्या स्वरूपावरून. कुठे वाक्यरचना बदललेली, कुठे आकृतीतली अक्षरं नीट दिसत नाहीत अशी तक्रार. तिसऱ्या आवृत्तीची ही तयारी होती. ती आवृत्ती निघालीच नाही, 1564 मध्ये व्हेसॅलियस वारला. फेब्रुवारी 2024 मध्ये ही प्रत न्यूयॉर्कला बावीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. घेतली बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठानं, म्हणजे व्हेसॅलियस जिथे शिकला तिथेच ती पोचली.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचे त्याचे संवाद 1563 साली गोव्यातच छापले गेले. छपाईत इतक्या चुका, की मागे शुद्धिपत्राची लांबलचक यादी जोडावी लागली. ओर्ता 1568 मध्ये वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशन या धर्मन्यायालयानं त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पण तोवर ग्रंथाची एक प्रत क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडली होती. त्यानं तिच्यावर टिपणं केली, लॅटिन संक्षेप केला आणि 1567 मध्ये तो अँटवर्पला छापून आणला. युरोपानं ओर्ता वाचला तो मुख्यतः या संक्षेपातून. क्लूसियसच्या टिपणांची ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. एखादं ज्ञान कोणत्या वाटेनं गेलं, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

असल्या प्रती माझ्यासारख्याच्या आवाक्यातल्या नाहीत. माझ्या कपाटातली सर्वांत लाडकी प्रत 'ग्रेज अॅनाटॉमी'ची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, बाजारात जेमतेम किमतीची. पहिल्या कोऱ्या पानावर एकाखाली एक मालकांच्या सह्या आहेत. आधीच्याचं नाव पुढच्यानं आडव्या रेघेनं खोडलेलं. काखेतल्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या आकृतीशेजारी पेन्सिलनं मोडीत चार ओळी. परीक्षेच्या तोंडावर कोण्या विद्यार्थ्यानं घरच्या लिपीत पाठांतर केलेलं दिसतं. या ग्रंथाच्या 1858 च्या पहिल्या आवृत्तीची चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर पुस्तक बाजारात येण्याआधीच मुंबईला निघून आला होता. चित्रांसाठी त्याला एकरकमी 150 पौंड मिळाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचनाशास्त्र शिकवत असे. त्याच्या चित्रावरून घोकणाऱ्या मोडीतल्या त्या ओळी मी कोणत्याही सहीशी बदलणार नाही.

संग्राहकानं वागावं कसं, हे ग्रंथसंग्राहक डॉक्टर विल्यम ऑस्लरकडून शिकावं. त्यानं आपल्या ग्रंथांची तपशीलवार सूची करायला घेतली, अनेक प्रतींबद्दल ती कुठे आणि कशी मिळाली याच्या नोंदी केल्या. 1919 मध्ये तो गेल्यावर इतरांनी ती सूची पुरी केली. संग्रह त्याच्या इच्छेप्रमाणे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाला मिळाला आणि 1929 मध्ये तिथे त्याचं ग्रंथालय उघडलं. त्याच्या अस्थीही तिथेच ठेवल्या आहेत.

मी दोन पथ्यं पाळतो. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं, पण संग्रहातून रीतसर कमी केल्याची खूण नसलेलं पुस्तक घेत नाही, मग ते कितीही दुर्मीळ असो. आणि 'स्वच्छ' केलेल्या प्रतीपासून दूर राहतो. नवी चामडी बांधणी चढवताना जुनं कोरं पान फेकलं, की पुस्तक देखणं होतं, पण त्याचं मागचं कुळच पुसलं जातं.

आपल्याकडे डॉक्टर आजोबा गेले की त्यांची पुस्तकं किलोवर रद्दीत जातात. द्यायची असतील तर द्या, जागेची अडचण मलाही ठाऊक आहे. पण आधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान उलटून बघा. सही, दुकानाचं लेबल, बक्षीस मिळाल्याची चिठ्ठी, समासातली टिपणं यांतलं काही दिसलं तर फाडू नका, खोडू नका, सेलोटेप तर मुळीच लावू नका. पुस्तक कोणाचं, कुठून आलं, हे एका कागदावर पेन्सिलनं लिहून आत ठेवा. पुढे विकलंत, तर तो कागदही पुस्तकासोबत द्या.