अडवलेल्या पाण्याच्या काठाकाठानं

महाराष्ट्राच्या पठारावर पाणी आपण होऊन थांबत नाही. खाली काळा कातळ, वर उतरती जमीन आणि चार महिन्यांचा पाऊस. पडलेलं पाणी ओढ्यानं नदीत येतं आणि नदी ते घेऊन पूर्वेच्या समुद्राकडे निघून जाते. लोणारसारखा अपवाद सोडला, तर आपल्याकडे जिथे पाणी उभं दिसतं तिथे कुणीतरी ते अडवलेलं असतं. भंडारा-गोंदियाचे तलाव माणसांनी बांधले, पुण्याभोवतालचेही माणसांनीच. फिनलंडमध्ये तळ्यांच्या मुलखातून लोक सायकलवर दिवसच्या दिवस भटकतात. ती तळी हिमयुगातल्या बर्फानं कोरली. आपली तळी थोडी आहेत आणि लहान आहेत, पण प्रत्येकाच्या बांधावर कुणीतरी घाम गाळलेला आहे. लोणी काळभोरच्या पंचक्रोशीत सायकल चालवताना हे जितकं उमगतं तितकं मला दुसरीकडे कुठे उमगलं नाही.

लोणी पुण्याच्या पूर्वेला, हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्यानं पुढे, शहराच्या मध्यापासून अठरा-वीस किलोमीटरवर. मुळा-मुठा वाहते त्याच दिशेनं आपण जात असतो, म्हणून रस्ता सपाट, किंचित उताराचाच. दिवे घाटासारखी छाती फुटत नाही. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, त्यामुळे परतीला तो पाठीवर मिळतो. वैशाखात आणि पावसाळ्यात मात्र पश्चिमेचा वारा घरी येताना समोरून अंगावर घ्यावा लागतो. म्हणून माझी निवड डिसेंबर-जानेवारीची पहाट. हमरस्ता मात्र जमेल तितक्या लवकर सोडावा. लोणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत, टँकरची ये-जा रात्रंदिवस चालू असते. त्यात कंटेनर, त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या. सायकलवाल्यानं या गर्दीत शूरपणा दाखवू नये.

पहिला थांबा कवडीपाट. हमरस्त्यावरून डावीकडची वाट नदीकडे उतरते आणि गाड्यांचा आवाज हळूहळू मागे पडतो. नदीवर जुना बंधारा आहे. पाणी त्याच्यावरून पातळ सरकतं आणि खालच्या खडकांमध्ये विखुरतं. या उथळ, खडकाळ पात्रासाठीच हिवाळ्यात पाखरं इथे उतरतात. चक्रवाकांच्या जोड्या लडाख-तिबेटकडून येतात. कोवळ्या उन्हात त्यांचा केशरी-सोनेरी रंग दुरूनही डोळ्यांत भरतो. लांब लाल पायांचे शेकाटे पाण्यात जपून पावलं टाकतात, धोबी शेपटी हलवत दगडांवरून पळतो, नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालता घालता एकदम सूर मारतो. सायकलवर इथे यायचं सुख हे, की पाखरं बिचकत नाहीत. इंजिनाचा आवाज नाही, दार आपटणं नाही. सायकल झुडपाला टेकवून ठेवली की आपण काठावरचेच होऊन जातो.

पण याच कवडीला दुसरीही बाजू आहे, आणि ती लिहिल्याशिवाय या नदीबद्दल लिहिणं मला खोटं वाटतं. काठच्या बाभळी नीट पाहा. माणसाच्या डोक्याच्या वर, शेंड्यापर्यंत, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या लटकलेल्या दिसतील. मागच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते त्या चिंध्या सांगतात. बंधाऱ्याखाली फेस साचतो, तो साबणाचा. पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी इथवर येतं आणि लडाखहून आलेलं पाखरू त्यात चोच घालतं. आपण शहरातली माणसं सकाळी ज्या मोरीत पाणी सोडतो, तिचं दुसरं टोक इथे उघडतं. प्रत्येक पुणेकरानं एकदा तरी ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

नदीकाठानंच पुढे राजबाग. राज कपूर यांचं हे शेत आणि बंगला. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ हा १९७८ सालचा चित्रपट बराचसा इथे घडला. मुळा-मुठेचं पाणी तेव्हा पडद्यावर दाखवण्यासारखं होतं, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी पुरे. आता तिथे एमआयटीचं विद्यापीठ आहे, कपूर घराण्याचं स्मारक आहे, आणि २०१८ साली खुला झालेला, १६० फूट व्यासाचा विश्वशांती घुमट आहे. ऊस कापून झाला की हा घुमट लांबच्या शेतांतूनही दिसतो. वाट चुकलेल्या सायकलवाल्याला तो दिशा सांगतो, हा त्याचा मला आवडणारा उपयोग.

हमरस्ता ओलांडून दक्षिणेला वळलं की लोणी गाव, आणि गाव सरता सरता कालवे लागतात. खडकवासल्याचं पाणी मुठेच्या उजव्या कालव्यानं थेट दौंड-इंदापूरकडे जातं, आणि त्या वाटेवर हा टापू. जुन्या कालव्याला इकडे सगळे बेबी कॅनॉल म्हणतात. कालव्याकडेचा कच्चा रस्ता ही या सगळ्या सफरीतली सर्वांत सुंदर वाट. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकोरीइतकी जागा. चेनचा बारीक किरकिराट तेवढा ऐकू येतो. तिथे एकदा उसाला दारं धरणारे एक आजोबा पाहत थांबलो होतो. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, हातात खोरं. एक सरी भरली की ते खोऱ्यानं दोन ढेकळं ओढून तिचं तोंड बंद करत आणि पायानं दाबत. मग पुढच्या सरीची माती कापत, आणि पाणी क्षणभर घुटमळून तिकडे वळे. वाळलेल्या मातीत आधी बुडबुडे उठत, मग ती काळी होत जाई. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, “उभं का राहिलाय पाव्हणं? बसा की बांधावर.” मी बसलो. पाणी वळवणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. धरण बांधणारे इंजिनीअर आणि हे आजोबा एकच काम करत होते. एकाचं नाव दगडावर कोरलं जातं, दुसऱ्याचं नाही, इतकंच.

कालवा ओलांडून डोंगराकडे गेलं की रामदरा. टेकड्यांच्या कुशीत तळं आणि तळ्यात मंदिर. राम, लक्ष्मण, सीता आणि शंकराची पिंड. भोवती माडाची झाडं, त्यांची सावली पाण्यात, आणि पायऱ्यांशी माशांची गर्दी. मंदिराची आताची इमारत फार प्राचीन नाही, पण पाणी इमारतीचं वय विचारत नाही. पुण्यातले सायकलवाले वर्षानुवर्षं इथे येत आले आहेत. पहाटे आलात तर शेजारी कुणी नसतं. पायांत अजून बळ असेल तर इथून वडकीकडे जावं. दिवे घाटाच्या पायथ्याशी, बाजीरावांच्या काळचा म्हणून ओळखला जाणारा मस्तानी तलाव आहे. चहूबाजूंनी बांधीव, भक्कम दगडी भिंतींचा. उन्हाळ्यात तो पार आटतो, आणि तेव्हाच त्याचं बांधकाम पुरं दिसतं.

पण या वाटेचं हृदय थेऊर. नदीनं तीन बाजूंनी कवेत घेतलेलं हे गाव, अष्टविनायकांतल्या चिंतामणीचं. भाविक दर्शन घेतात आणि गाडीत बसतात. सायकलवरून येणाऱ्यानं घाई करू नये. सभामंडप लाकडी आहे, थोरल्या माधवरावांनी बांधवलेला. पानिपतानंतर, १७६१ साली, सोळा वर्षांच्या या मुलाच्या हाती खचलेलं राज्य आलं. १७६३ मध्ये राक्षसभुवनला त्यानं निजामाला हरवलं, दौलत पुन्हा उभी केली, आणि राजयक्ष्म्यानं शरीर पोखरून काढलं तेव्हा तो या चिंतामणीपाशी येऊन राहिला. १८ नोव्हेंबर १७७२ ला इथेच त्याचे प्राण गेले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या, त्यांचं स्मारक नदीकाठी आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ वाचलेली पिढी थेऊरला आली की मंडपात उगाच रेंगाळते. मीही रेंगाळतो. काळ्या पडलेल्या खांबाला हात लावला की लाकूड थंड आणि गुळगुळीत लागतं, अनेक हातांनी घासून झालेलं. सत्ताविसाव्या वर्षी ज्याला मरण दिसत होतं, त्यानं शनिवारवाडा सोडून नदीच्या या वळणावर यायचं ठरवलं. मला ते पटतं. इथे पाणी वळतं, आणि वळणाच्या आतल्या काठाशी त्याचा वेगही कमी होतो.

थांबायला जागा हवी असणारे या रस्त्यानं पूर्वीपासून येत आहेत. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणं सोडल्यावर लोणी काळभोरला मुक्काम करते. हडपसरला माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची या सपाट वाटेनं पुढे येते. पुढच्या उरुळी कांचनला १९४६ च्या मार्च महिन्यात गांधीजी येऊन राहिले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, आणि मणिभाई देसाई तिथे कायमचे राहिले. दुधाळ जनावरांच्या सुधारणेचं देशभर काम करणारी ‘बायफ’ १९६७ साली त्याच मातीतून निघाली. लोणीहून उरुळी सायकलवर तासाभराचीही वाट नाही.

एवढं सगळं अर्ध्या दिवसाच्या वर्तुळात असूनही पहिल्यांदा येणारा माणूस फाट्यावर फोन काढून उभा राहतो, आणि फोन त्याला बहुतेक वेळा हमरस्त्यावरच घालतो. बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतानं १९९५ च्या सुमारास यावर सोपा उपाय काढला. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना जसे क्रमांक असतात, तसे त्यांनी सायकलवाटांच्या प्रत्येक चौकाला दिले. फलकावर पुढच्या चौकांचे आकडे आणि बाण, बस्स. चार आकडे कागदावर लिहून घेतले की माणूस दिवसभर हवा तसा फिरतो. हीच पद्धत पुढे नेदरलँड्समध्ये पसरली. त्याला नवा रस्ता लागत नाही, डांबर लागत नाही, जमीन घ्यावी लागत नाही. लागतात रंग, पत्रा आणि खांब.

कदमवाकवस्ती, लोणी काळभोर, कुंजीरवाडी, थेऊर आणि वडकी या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे, की कालव्याकडेच्या वाटांवर एवढे फलक लावावेत. आणि पाटबंधारे खात्यानं त्या वाटांवरची बाभळीची छाटणी उचलून न्यावी, कारण चाकात शिरणारे काटे तिथलेच. पुण्यातल्या वाचकांनी फलकांची वाट पाहू नये. येत्या हिवाळ्यात, चतुर्थी नसलेल्या एखाद्या सकाळी निघावं. पाणी घरून भरून घ्यावं, पंक्चरचं सामान बरोबर ठेवावं, आणि कवडीला गेल्यावर बाभळीवरची हाताला येईल तेवढी चिंधी काढून पिशवीत घालून परत आणावी.