जीप उजवीकडं ओढतेय? मागचा एक्सल मोजा

आपली जुनी जीप महिनाभर उजवीकडं ओढत होती. गॅरेजवाला म्हणला, स्टेअरिंग बॉक्स गेलाय, बदला. मला पटलं नाही. परवा पावसानंतर ओल्या पाणंदीत जीप सरळ चालवली आन् उतरून चाकोरी बघितली. एरवी मागचं चाक पुढच्याच वणावर पडतं. इथं दोन बोटं डावीकडं!

मग स्टेअरिंग सरळ धरून टेप लावला, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत. उजवीकडं 91 इंच, डावीकडं पाऊण इंच जास्त. म्हणजे डाव्या बाजूनं एक्सलच मागं सरकलेला. तिथले यू-बोल्ट सैल होते. सोडून बघतो तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला. एक्सलच्या भोकात बसून त्याला जागेवर धरतं ते त्याच बोल्टचं डोकं. आन् याच जीपमधी मागं सहा बाया भांगलायला येतात, वाटंत कॅनॉलचा उतार!

नवा बोल्ट त्याच जाडीचा टाकला, यू-बोल्ट आलटूनपालटून आवळले. आता दोन्हीकडं 91. पन्नासेक किलोमीटर वजन घेऊन चालली की परत एकदा आवळायचे. सोमवारी बाया न्यायच्यात, त्याच्या आधी.