व्हिएन्नाचा हिरवा घुमट

उन्हाळी सुट्टीत मेहुण्यांकडे व्हिएन्नाला गेलो होतो. असरची नमाज पढून फिरायला निघालो आणि एका तळ्याकाठी मुलगी थबकली. समोर मोठा हिरवा घुमट, दोन्ही बाजूंना उंच स्तंभ.

"अब्बू, ही मशीद आहे का?"

मशीद नव्हती, ते कार्ल्सकिर्शे नावाचे चर्च होते. १७१३ मध्ये शहरात प्लेगची वबा पसरली, तेव्हा सम्राट सहाव्या चार्ल्सने ते बांधण्याचा नवस केला. १७१६ मध्ये सुरू झालेले काम १७३७ मध्ये पुरे झाले. युरोपात तो बरोक कलेचा काळ होता, साधारण १६०० ते १७५०. प्रोटेस्टंट चळवळीमुळे दुरावलेली मने कॅथलिक चर्चला जिंकायची होती, राजांना आपले वैभव मिरवायचे होते. दोघांनीही कलेला हाताशी धरले. पाहणाऱ्याचे भान हरपावे, हाच तिचा हेतू.

आत लंबगोल घुमटाखाली मान वर केली, तर छताऐवजी आभाळच उघडल्यासारखे वाटले. वबा टळावी म्हणून संत आणि बीबी मरियम दुआ मागत आहेत, असे चित्र रोटमायरने तिथे रंगवले आहे. परवाच्या कोरोनाच्या दिवसांत आपल्या घराघरांतून उठलेले हात आम्हाला आठवले.

दाराशी विवाल्डीच्या संगीताच्या मैफलीचा फलक होता. व्हेनिसच्या अनाथालयातील मुलींना याने वर्षानुवर्षे संगीत शिकवले. उतारवयात तो व्हिएन्नाला आला. पण १७४० मध्ये सम्राट वारला आणि पुढच्याच वर्षी विवाल्डीही इथेच गरिबीत गेला. त्याला जवळच पुरले होते. ते कब्रस्तान आता नाही, त्या जागी तंत्रविद्यापीठ आहे. शिक्षकाची कबर मिटली, सूर मात्र राहिले.

बाहेर येऊन स्तंभ पुन्हा न्याहाळले. ते रोममधील ट्राजन सम्राटाच्या स्तंभावर बेतलेले आहेत. तरीही मुलीचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. या चर्चचे वास्तुकार फिशर फॉन एर्लाख यांनी १७२१ मध्ये जगभरच्या इमारतींच्या चित्रांचे पुस्तक काढले. त्यात इस्तंबूलच्या सुलेमानिया आणि सुलतान अहमद मशिदी आहेत. मक्का आणि मदिनाही आहेत. अवघ्या ३८ वर्षांपूर्वी, १६८३ मध्ये, उस्मानी फौजेने याच शहराला दोन महिने वेढा घातला होता! वेढ्याची दहशत घराघरांत सांगितली जात असेल, त्या शहरात एका माणसाने त्याच लोकांच्या मशिदी कौतुकाने कागदावर उतरवल्या.

वर्गात आजवर आम्हीही लढायांच्या सनावळ्याच घोकून घेतल्या. कोण जिंकले, कोण हरले, एवढेच मुलांच्या वहीत उतरले. येत्या जूनमध्ये फळ्यावर १६८३ लिहू, तेव्हा त्याखाली १७२१ सुद्धा लिहू.