शून्य आणि दोन रेघा

वऱ्हाडात सायकलीचा संबंध हौसेशी कधी फारसा नव्हता. तो पोटापाण्याशी होता. पहाटेचा दूधवाला, चार कोसांवरच्या शाळेत शिकवायला जाणारा मास्तर, जिनिंग फॅक्टरीत पाळीवर जाणारा कामगार, यांपैकी कोणालाही आपला पाय मिनिटाला किती वेळा फिरतो हे मोजावेसे वाटले नाही. चढ आला की उतरून ढकलायची, वारा समोरून असला की मान खाली घालायची, एवढेच त्यांचे शास्त्र. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या रस्त्यांवर पहाटे दिसणारी सायकल निराळी आहे. तिच्या हँडलवर काडेपेटीहून थोडा मोठा संगणक बसवलेला असतो आणि त्याच्या पडद्यावर वेग, अंतर, वेळ यांच्या जोडीला आणखी एक आकडा असतो. त्याला कॅडेन्स म्हणतात. पायडलने एका मिनिटात घेतलेले पूर्ण फेरे म्हणजे कॅडेन्स. मला त्यासाठी 'आवर्तन' हा शब्द आवडतो. तबलजींनी तो उसना घेऊ दिला तर!

हा आकडा म्हणजे पैसेवाल्यांचे कौतुक, असे पुष्कळांचे मत आहे. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत मात्र तो कौतुकाचा विषय नव्हता. तो अकोल्याला असतो. उभी हयात त्याने दूरसंचार खात्यात लाइनमन म्हणून काढली. खांबावर चढणे, उतरणे, पावसात चिखल तुडवीत तार शोधणे, हे सारे केल्यावर निवृत्तीच्या सुमारास त्याच्या डाव्या गुडघ्यातील कूर्चा झिजली. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रियेचे नाव काढले नाही. सहा महिन्यांची मुदत दिली. वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा आणि त्यासाठी सायकल चालवा. पण जोर लावून नव्हे. गिअर हलका ठेवा आणि पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरू द्या. मग पाहू.

यामागचे गणित सोपे आहे. सायकल एकाच वेगाने, एकाच रस्त्याने, एकाच वाऱ्यात चालवायची तर लागणारी शक्ती तेवढीच असते. ती शक्ती कमी फेऱ्यांत वाटली तर प्रत्येक फेऱ्यावरचा जोर वाढतो, जास्त फेऱ्यांत वाटली तर कमी होतो. साठ फेऱ्यांऐवजी ऐंशी फेरे मारले की पायडलवर लागणारा जोर एकचतुर्थांशाने घटतो. हा चौथा हिस्सा निरोगी गुडघ्याला जाणवणारही नाही. झिजलेल्या गुडघ्याला तो रात्री झोप येण्या-न येण्याइतका जाणवतो. म्हणून पडद्यावरचा तो आकडा माझ्या भावासाठी औषधाच्या मात्रेसारखा होता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाने संगणक आणि सेन्सर दोन्ही आणून बसवून दिले. दोन महिने सगळे सुरळीत चालले. वजन पाच किलोने उतरले, जिना चढताना कठड्याचा आधार सुटला. आणि एके दिवशी मला अमरावतीला फोन आला, "दादा, पाय त फिरून राह्यले, पण डब्बा शून्यच दाखवून राह्यला."

पुढचे तीन-चार दिवस तो आकड्यावाचून गेला. सवय जुनी, पाय आपोआप जड गिअरकडे वळले. त्यात एका सकाळी परतताना समोरून वारा. गुडघा सुजला. मग त्याने सायकल पडवीत उभी केली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. हे मला त्याने सांगितले नाही, भावजयीने सांगितले. विचारले तर त्याचे उत्तर असे, "मशीनच नाही म्हणते, त मी कायले फिरू?" ऑपरेशन करून मोकळे व्हावे, असे तो घरात बोलू लागला होता.

मी आयुष्यभर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. तरीही शंभर किलोमीटरवरून, रोग्याला हात न लावता, फोनवर निदान करायचे म्हणजे वैद्याचीही परीक्षाच. पहिली गोष्ट मला आवश्यक वाटली ती ही, की आकड्याला दुसरा साक्षीदार मिळावा. भावाला मी सायकल मागच्या स्टँडवर चढवायला सांगितले. भावजय घड्याळ घेऊन समोर बसली. उजवा गुडघा वर आला की एक, पुन्हा आला की दोन, असे पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचे. एकोणीस आले, म्हणजे शहात्तर. पाय ठीक होते.

दुसरा प्रश्न मी विचारला, तो पडद्याविषयी. "शून्य दिसते की दोन आडव्या रेघा?" तो क्षणभर थांबला. चष्मा लावून पाहिले आणि म्हणाला, "रेघा."

वाचकहो, हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल. पण बहुतेक संगणकांत सगळे निदान त्यावर अवलंबून असते. शून्य याचा अर्थ सेन्सर बोलतो आहे आणि सांगतो आहे की पाय थांबले. दोन रेघांचा अर्थ, मला कोणाचे काही ऐकूच येत नाही. घाईत आपण दोहोंनाही शून्यच म्हणतो. मी हे समजावून सांगू लागलो तोच भाऊ म्हणाला, "म्हंजे लाइन डेड हाये. घंटी वाजून राह्यली अन् कोनी उचलत नाही, असं नाही." त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जुना लाइनमन ऐकू आला. १९८ वर तक्रार आली की तो प्रथम हेच पाही: दोष घरातल्या यंत्रात आहे, मधल्या तारेत आहे, की एक्स्चेंजमध्ये? इथेही तीनच जागा होत्या. क्रँकवरचा सेन्सर, मधली हवा आणि हँडलवरचा संगणक. तीनही एकदम उचकटायचे नाहीत, हे त्याला मी शिकवण्याची गरज नव्हती.

त्याचा सेन्सर नव्या धर्तीचा, डाव्या क्रँकला आतल्या बाजूने रबराने बांधायचा. त्यात चुंबक नसते. फिरण्याची जाणीव असणारी एक चिमुकली चकती असते. सेल वाचावा म्हणून तो पाय थांबले की झोपतो आणि क्रँक फिरली की जागा होऊन दिवा लुकलुकवतो. माझ्या स्वतःच्या सायकलीवर अजून जुनी तऱ्हा आहे. क्रँकवर चुंबक आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर रीड स्विच: काचेच्या नळीत लोखंडमिश्रित दोन पातळ पात्या, चुंबक जवळून गेले की चिकटतात, दूर गेले की सुटतात. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली हा स्विच शोधला आणि पुढे टेलिफोन एक्स्चेंजांत त्याचा मोठा वापर झाला. त्या तऱ्हेत दोष शोधणे सोपे. चुंबक सरकून अंतर वाढले की आकडा जातो. अंगठ्याने दाबून ते तीन-चार मिलिमीटरवर आणले की परत येतो. डोळ्यांना दिसणारा दोष मला अधिक प्रिय आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

भावाच्या सेन्सरचा दिवा लागेना. म्हणजे आधी सेल पाहणे आले. तो बटणासारखा चपटा, सीआर २०३२ जातीचा: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. घड्याळवाल्याकडून नवा आणला, तरी दिवा नाहीच. इथे भावाचा धीर सुटत होता. पण काही कंपन्या अलीकडे अशा सेलवर कडू लेप देतात, लहान मुलाने तोंडात घातला तर थुंकून टाकावा म्हणून. फार चांगली गोष्ट आहे. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. मात्र तो लेप कधीकधी सेन्सरच्या नाजूक पातीला सेलपर्यंत पोचू देत नाही. फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन सेल पुसला, कोरडा केला, बसवला. दिवा लुकलुकला.

पडद्यावर मात्र रेघा तशाच.

आता दोष पुढच्या जागी गेला, असे कोणीही म्हणेल. तसे नव्हते. या जातीचे काही सेन्सर दुहेरी असतात. चाकाच्या आसाला बांधले तर वेग मोजतात, क्रँकला बांधले तर आवर्तन. कोणते काम करायचे ते बदलण्यासाठी बटण नसते. सेल काढून पुन्हा बसवला की काम बदलते आणि दिव्याचा रंग तेवढा निराळा दिसतो. सेल बदलताना आमचा सेन्सर मुकाट्याने वेग मोजणारा झाला होता. संगणक आवर्तनाला हाका मारत होता आणि हा दुसऱ्याच नावाने वावरत होता. उपचारातून नवा आजार! मी भावाला दिव्याचा रंग विचारला, माहितीपत्रकाशी ताडून पाहायला लावला, सेल पुन्हा काढून बसवायला सांगितला. रंग बदलला. क्रँक हाताने फिरवत ठेवून संगणकाच्या यादीत सेन्सर शोधला आणि आकडा आला.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तो पुन्हा गेला. घरात येतो, बाहेर जातो. हे मधल्या हवेचे लक्षण. भाऊ बाहेर पडताना खिशात फोन ठेवी आणि मुलाने त्या फोनवर सायकलीचे एक ॲप घालून दिले होते. सेन्सर दोन रीतींनी बोलतो, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर. एक ॲन्ट प्लस, ती आकाशवाणीसारखी. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, ऐकणारे कितीही असोत. दुसरी ब्लूटूथ, ती जुन्या ट्रंक कॉलसारखी. पुष्कळ सेन्सर तीत एका वेळी एकाशीच बोलतात. खिशातला फोन आधी पोचे आणि लाइन अडवून बसे. उपाय दोन मिनिटांचा होता. त्याच्या संगणकाला दोन्ही रीती कळत होत्या. सेन्सर जोडणीतून काढून ॲन्ट प्लसने पुन्हा जोडला. ॲपमधूनही तो पुसला.

मुदत संपण्याच्या आधीच्या रविवारी भाऊ मूर्तिजापूरला सायकलने आला आणि मी बडनेऱ्याहून गाडीने. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला, तोच हा रस्ता. येताना वारा पाठीशी होता. चहा घेऊन तो परत निघाला तेव्हा पश्चिमेचा वारा तोंडावर. बोरगाव मंजूच्या अलीकडे पडद्यावर पुन्हा दोन रेघा आल्या, हे त्याने मला रात्री बोलता बोलता सांगितले. तो थांबला नव्हता, फोनही केला नव्हता. घड्याळ पाहून पंधरा सेकंद गुडघा मोजला, वीस आले, गिअर आणखी एक हलका केला आणि चालू लागला. तीन-चार मिनिटांनी आकडा आपणहून परतला.

डॉक्टरांनी पुढच्या सहा महिन्यांची मुदत दिली आहे. सेन्सर बांधायचे रबर अकोल्याच्या मे महिन्यात कडक होऊन तुटले, तेव्हा भावाने सायकलीच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून तिचे कडे केले. ते दोन उन्हाळे टिकेल, असे तो म्हणतो.