समुद्रावरच्या मित्राला काय कळवावे

मोबाइल हातात आल्यापासून आपले बोलणे ‘काय म्हणतोस’ने सुरू होत नाही, ‘कुठे आहेस’ने सुरू होते. रस्त्यात आहे, ऑफिसात आहे, न्यू मार्केटात गाडी लावायला जागा शोधतोय. एकदा ठिकाण कळले की मग पुढचे बोलणे. युद्धनौकेवर असलेल्या मित्राशी बोलताना पहिला अडसर इथेच येतो. त्याला हे विचारायचे नसते. चुकून विचारलेच, तर तो हसून म्हणतो, “पाण्यावर.” त्यावर कुणी ‘कुठल्या पाण्यावर’ असे विचारत नाही.

आम्ही भोपाळचे मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी कुटुंबे फायलींसकट भोपाळला आली. आमच्या आज्या त्यांतल्या. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, फाटकाबाहेर भोपाळी हिंदी, अशी आमची वाढ. लांब राहिलेल्या माणसांना धरून ठेवणे हे घरातले रोजचेच काम होते. आजी नागपूरच्या बहिणीला कार्ड लिहायची. त्यात बातमी म्हणावी असे काही नसायचे. लोणच्याला यंदा कैरी कशी मिळाली, शेजारच्यांच्या गायीला कालवड झाली, पाऊस अजून नाही. तेव्हा आम्हांला हे कार्ड म्हणजे पोस्टाचा खर्च वाटे.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या गावातून माणूस नौदलात जातो कसा, असे मुंबईचे नातेवाईक विचारतात. त्यांनी आमचा तलाव पाहिलेला नसतो. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविलेला मानला जाणारा, एकतीस चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरलेला बडा तालाब. ताल तर भोपाळचा, बाकी सगळ्या तलय्या, असे इथले लोक आजही छाती काढून सांगतात. बोट क्लबवर पहाटे वल्ह्यांच्या निमुळत्या बोटी निघतात, वाऱ्याच्या दिवसांत शिडे दिसतात. गावात एनसीसीचे नेव्हल युनिट आहे. आमचा मित्र अकरावीत त्यात गेला तो मुख्यतः पांढऱ्या गणवेशासाठी, असे आमचे मत. पाण्यासाठी, असे त्याचे. शिवाय नौदलात जाऊ पाहणारी देशभरची मुले भोपाळच्या निवड मंडळापुढे येतात. स्टेशनाबाहेर ट्रंका घेऊन उभी असलेली, केस बारीक कापलेली ती पोरे आम्ही लहानपणापासून पाहत होतो. त्यामुळे समुद्र लांब असला तरी त्याचे दार आमच्या गावात होते.

आता पटियाबद्दल सांगायला हवे, कारण भोपाळची दोस्ती पटियावर होते. जुन्या शहरात, चौकात, इब्राहिमपुऱ्यात दुकानांपुढे फळ्यांचे नाहीतर दगडाचे ओटे असतात. रात्री दुकाने बंद झाली की त्यांवर मंडळी जमतात. शतरंज, शेर, राजकारण, कुणाच्या तरी मेव्हण्याची भानगड, आणि मीठ घातलेला चहा. आम्ही नव्या शहरातले, पण बसायला जायचो तिकडेच. पटियाचे काही न सांगितलेले कायदे आहेत. कुणी कुणाला बोलावत नाही. उशिरा येणाऱ्यासाठी आधीचे बोलणे पुन्हा सांगत नाहीत. त्याने मध्येच बसायचे आणि पुढच्या वाक्याला हसायचे. महिनाभराने उगवलात तरी चौकशीचा सोहळा नसतो. “को खां” म्हणून जरा सरकून जागा करतात, तेवढेच. खुलासा मागणे हा पटियावर असभ्यपणा आहे.

आमचा मित्र जहाजावर जायला निघाला तेव्हा आम्ही राणी कमलापती स्टेशनवर गेलो. त्या स्टेशनाला आम्ही अजून हबीबगंजच म्हणतो. फलाटावर त्याने आम्हांला नियम समजावले. २०१९ च्या डिसेंबरात हेरगिरीच्या आरोपावरून नौदलाच्या सात जणांना अटक झाली आणि त्याच महिन्यात युद्धनौकांवर, तळांवर आणि गोदीत फेसबुकसारख्या माध्यमांवर बंदी आली, हे आम्ही वाचले होते. त्याचा अर्थ आपल्या टोळीपुरता काय, हे तो सांगत होता. जहाजाचे नाव आणि बंदर ग्रुपवर लिहायचे नाही. फोटो मागायचे नाहीत. निघण्याची, परतण्याची तारीख विचारायची नाही, आणि अंदाज तर मुळीच बांधायचे नाहीत. मग त्याने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला: त्याचे नाव, हुद्दा, जहाज, आणि खाली ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. या पत्त्यात गल्ली नाही, गाव नाही. टपाल मुंबईच्या त्या कार्यालयात जाते, आणि जहाज जिथे असेल तिथे त्याला गाठायचे काम ते कार्यालय करते. आमच्यातला एक म्हणाला, “म्हणजे पत्र पोचलं की नाही ते कळणार कसं?” तो म्हणाला, “मी परत आलो की.”

मुंबईहून बाहेर पडताना कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्सचा दीपस्तंभ मागे पडतो, फोनवरच्या रेघा एकेक करून जातात, आणि सगळी मंडळी शेवटचा निरोप पाठवायला डेकवर एकाच बाजूला गोळा होतात, असे त्याने नंतर सांगितले. रेघा संपल्या की फोन म्हणजे घड्याळ. तेही खरे नव्हे, कारण पश्चिमेकडे जाताना जहाजाचे घड्याळ मागे घेत जातात. एडनच्या आखातात पोचेतो ते भोपाळच्या अडीच तास मागे असते. मग चार-चार तासांच्या वॉचेस, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या. आम्ही पटियावर बसतो ती वेळ त्याच्या कुठल्या वॉचला येते, याचा हिशेब पहिले काही दिवस आम्ही हौसेने केला. नंतर सोडला.

सुरुवातीला आम्ही ग्रुपवर फार लिहिले. ‘मिस यू’ लिहिले, झेंडे टाकले, नौदल दिनाला ४ डिसेंबरला देशभक्तीपर व्हिडिओ टाकले. हा मजकूर अगदी निरुपयोगी. बंदर आले, लिबर्टी म्हणजे किनाऱ्यावर उतरायची मोकळीक मिळाली, कुठूनतरी वायफाय जोडले गेले, की शेकडो निरोप एकदम कोसळतात, आणि त्यांतले झेंडे बाजूला सारायलाच त्याची अर्धी लिबर्टी जाते. त्याने आपली एक रीत बसवली होती. तो खालून वर वाचायचा. ताजे आधी, जुने नंतर. आमच्यातल्या एकाचे वडील छातीत दुखतेय म्हणून दवाखान्यात होते. आम्हांला ती रात्र आधी आली आणि सुटका मागून. त्याला आधी ‘बाबा घरी आले, वरणभात जेवले, आता टीव्हीवरून भांडतायत’ हे कळले आणि मग वर सरकत सरकत ‘आयसीयूत हलवलंय’ इथपर्यंत तो गेला. म्हणाला, “उलटं वाचलं की प्रत्येक संकट आपला शेवट बरोबर घेऊन येतं.” मला ही युक्ती फार आवडली. पण तिची एक बाजू त्याने सांगितली नाही, ती मी ताडली. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी बसायला तो नव्हता, आणि कितीही उलटे वाचले तरी ते बसणे मागाहून होत नाही.

आमच्यातल्या एकाचा आणि त्याचा धागा त्या वर्षात सुटला. भांडण नाही, काही नाही. सुटला.

आपला निरोप समुद्रावर सोपवून द्यायचा ही कल्पना जुनी आहे, आणि मला तिचे नवल वाटते. गॅलापागोसच्या फ्लोरियाना बेटावर अठराव्या शतकाच्या शेवटी देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी किनाऱ्यावर एक पिंप ठेवले. वर्षानुवर्षे घर न पाहिलेले खलाशी त्यात पत्रे टाकायचे. जे जहाज मायदेशी परतत असेल त्याचे लोक पिंप उपसून आपल्या वाटेवरची पत्रे उचलायचे. तिकीट नाही, हमी नाही. अनोळखी माणसाच्या खिशातून जायचे. पर्यटक आजही तिथे पत्रे टाकतात आणि इतरांची उचलून घरपोच नेतात. या खलाशांची पत्रे पोचेपर्यंत बातमी शिळी होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊकच असे. तरीही ते लिहीत. म्हणजे बातमी हे निमित्त असावे.

आपल्या नौदलासाठी २०१३ च्या ऑगस्टमध्ये जीसॅट-७ हा उपग्रह आकाशात गेला. त्याचे नाव रुक्मिणी. हे नाव कुणी सुचवले असेल तो माझ्या मते आमच्या आजीच्या गोतातला असणार. आजीकडे एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराची पोथी होती. लग्नाच्या मुलींनी ती वाचावी अशी रीत. विदर्भातल्या कौंडिण्यपूरच्या या मुलीने एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र धाडले आणि समुद्रकाठच्या माणसाला बोलावून घेतले. वऱ्हाडातून समुद्राकडे गेलेले एवढे यशस्वी पत्र दुसरे नाही. आता आकाशातल्या रुक्मिणीवरून जहाजांची सरकारी बोलणी चालतात. आमच्या पोहे-जिलेबीच्या गोष्टींना तिथे वाव नाही, आणि नसावाच.

म्हणून आम्ही कागदाकडे वळलो. नौदलातल्या घरांत पाकिटावर क्रमांक घालायची जुनी पद्धत आहे, कारण पत्रे ओळीने पोचत नाहीत. तीन नंबर दोनच्या आधी येतो. आम्हीही क्रमांक घातले. पण लिहायचे काय? तो समुद्रात कुठेतरी, कदाचित चाच्यांवर, पहारा ठेवतोय (२००८ च्या ऑक्टोबरपासून आपली जहाजे एडनच्या आखातात आहेत) आणि आम्ही कोलार रोडवरच्या खड्ड्यांत. त्याच्यापुढे आपले आयुष्य मांडायला सुरुवातीला लाज वाटायची. मी एकदा नेट लावून मोठ्या गोष्टी लिहिल्या. निवडणूक, मेट्रो, देशाचे काय होणार. त्यावर त्याचे उत्तर आले नाही. मग दुसऱ्याने लिहिले की चौकातल्या चहावाल्याने मीठ वाढवलेय, विचारले तर म्हणतो तुमची जीभ म्हातारी झाली. आणि या मुद्द्यावर पटियावर दोन तट पडलेत. या पत्राला बंदरातून फोन आला. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. “मी चहावाल्याच्या बाजूने,” एवढे बोलून त्याने दोन्ही तटांची नावे मागितली.

तेव्हा मला आजीचे कार्ड कळले. मोठी बातमी घरून जातेच. आई-बाप, बायको कळवतात, आणि अगदीच मोठी असेल तर सरकार कळवते. मित्राकडे जो माल असतो तो दुसऱ्या कुणाकडे नसतो: रिकामटेकडा तपशील. माणूस गावात नसताना गाव कसे चालू आहे, याची खात्री त्याला त्या तपशिलानेच पटते. मेट्रो तर त्याला वर्तमानपत्रातही दिसली असती.

उलट बाजूने मात्र शांतताच. तो सांगू शकत नाही, आणि आपण विचारू नये. २०२४ च्या मार्चमध्ये ‘रुएन’ नावाच्या अपहृत जहाजाची बातमी आली. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वीसशे किलोमीटरांवर आयएनएस कोलकाताने ते अडवले, विमानातून मार्कोस कमांडो पाण्यात उतरवले, पस्तीस चाच्यांनी शरणागती पत्करली आणि सतरा खलाशी सुखरूप सुटले. त्या रात्री पटियावर सगळ्यांच्या फोनवर तेच दृश्य होते. प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न. कुणी विचारला नाही. शेवटी सगळ्यांत वयस्कर खांसाहेबांनी शतरंजाचा डाव मोडला आणि म्हणाले, “अच्छे लोग हैं. चाय मंगाओ.” त्यांना आमचा मित्र ठाऊक होता, नौदल ठाऊक नव्हते.

मग नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा यांची पृथ्वीप्रदक्षिणेची सफर झाली. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघून २९ मे २०२५ ला या दोघीजणी तिथेच परतल्या. बोट होती गोव्यातच दिवाडीला बांधलेली तारिणी, आणि वाटेत ३० जानेवारीला त्या पॉइंट निमो ओलांडून गेल्या. पॅसिफिकमधला हा बिंदू सगळ्यात जवळच्या जमिनीपासूनही २,६८८ किलोमीटरांवर आहे. तिथून पुष्कळदा जवळची माणसे म्हणजे चारशे किलोमीटर वरून जाणारे अंतराळवीर. आमच्या मित्राने हे सगळे आम्हांला सुट्टीवर आला तेव्हा सांगितले, मोठ्या भक्तीने. स्वतःच्या जहाजाच्या कामाबद्दल तो अजून एक अक्षर बोललेला नाही. पटियावर आल्यावर पहिल्यांदा तो चहा प्याला, तोंड वाकडे केले आणि जाहीर केले की मीठ खरेच जास्त आहे. त्याने तट बदलला म्हणून त्या रात्री बरेच वाजले.

यंदा आमच्या कॉलनीतला एक मुलगा अग्निवीर म्हणून ओडिशात आयएनएस चिल्काला गेला. तिथे फोन हातात कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून त्याचे तिघे दोस्त माझ्याकडे सल्ला मागायला आले. मी म्हटले, पत्र लिहा. तिघांपैकी एकानेही आयुष्यात पाकीट चिकटवले नव्हते. पत्ता कुठल्या बाजूला, आपला कुठे, तिकीट थुंकी लावून की डिंकाने, सगळे सांगितले. काय लिहायचे तेही सांगितले: मोठे काही नको, कुणाची बाइक पंक्चर झाली ते लिहा. माना डोलावल्या. लिहून झाले, पाकीट बंद झाले, ते हातात उलटसुलट करून त्यांतला धाकटा मला म्हणाला, “वो तो ठीक है काका, पर इसमें ब्लू टिक कां दिखेगा?”