मावळतीची पडवी

आमच्या वाशीमचा उन्हाळा तुम्हांस व तुमच्या वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. तो असह्य होण्यात माणसाचाही वाटा असतो, व त्यात माझाही एक वाटा आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत शिकवीत असे, तेथे नवी इमारत व्हावयाची होती व बांधकाम-समितीत मीही होतो. "मास्तर, मावळतीला पडवी ठेवा," असे वृद्ध मिस्त्री मला दोनदा म्हणाले. पडवीच्या खर्चात आणखी एक वर्ग निघेल, असा हिशेब मी मांडला आणि तो सर्वांस पटला. पुढे एप्रिलात, दुपारच्या तासाला, पश्चिमेच्या भिंतीलगत बसलेली एक मुलगी भोवळ येऊन पडली. ती लवकरच सावध झाली. परंतु त्या भिंतीवर मी हात टेकला, तो तत्काळ मागे घ्यावा लागला. मिस्त्री मला कधी काही बोलले नाहीत.

पुढे पुण्यास गेलो असता एका माजी विद्यार्थ्याने हडपसर येथील 'वन अर्थ' हे विस्तीर्ण कार्यालय दाखविले. सुझलॉन या पवनचक्क्यांच्या कंपनीसाठी ते वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर यांनी रचिले. अमेरिकेतील 'लीड' पद्धतीची प्लॅटिनम ही सर्वोच्च श्रेणी त्यास २०१० साली मिळाली. आपल्या देशातील 'ग्रिहा' पद्धतीचे पाचही तारे लाभले. अशा परीक्षेत वीज, पाणी, बांधकामाचे साहित्य, आतील हवा व उजेड यांस निरनिराळे गुण असतात, व काही अटी सक्तीच्या असतात. तेथे काच पुष्कळ. पण तिच्याबाहेर पट्ट्यांची अशी झापे बसविली आहेत की, उजेड आत यावा व ऊन बाहेरच थांबावे. मला मिस्त्रींची पडवी आठवली. तिचे काम तरी दुसरे काय होते? वऱ्हाडातील धाब्याची घरेही जाड भिंतींच्या आधाराने हेच करीत आली. भिंत तापू द्यावयाची आणि मग विजेने हवा गार करावयाची, हा दंड इमारत उभी असेतो दरमहा भरावा लागतो. तो ठरतो मात्र नकाशा काढतेवेळी, एका रेघेने.

मी शिक्षक असल्यामुळे गुणांविषयी थोडा साशंक आहे. नव्या इमारतीचे बरेच गुण नकाशे व हिशेब पाहून मिळतात; नंतर तेथील माणसे रिकाम्या खोलीतील दिवे मालवितात की नाही, हे दारावरील पाटी सांगत नाही. शिवाय, त्या परीक्षेची फी आमच्यासारख्या शाळांनी कोठून आणावी? पडवीला मात्र फी नाही.

पुण्याहून परतताच मी त्या शाळेस पत्र लिहिले: पश्चिमेस पत्र्याची पडवी घालावयास खर्च किती येईल ते कळवावे, माझा वाटा मी देईन. उन्हाळ्याच्या सुटीत काम काढू, असे उत्तर आले. तोवर त्यांनी भिंतीपासून थोड्या अंतरावर कडुनिंबाची चार रोपे लाविली आहेत. गेल्या महिन्यात जाऊन पाहिली. गुडघ्याएवढी झाली आहेत. एक शेळीने खाल्ले.