काळी पडलेली जर

फेस्ताच्या सणाआधी जर चकचकीत करून द्या, एवढंच त्या चर्चच्या मंडळींचं मागणं होतं. गोव्यात तिसवाडीतल्या एका जुन्या चर्चमधला तो कासुला. म्हणजे मिस्साच्या उपासनेवेळी पाद्री सगळ्यांत वरून घालतात तो बिनबाह्यांचा झगा. लाल रेशमावर कलाबतूच्या वेली, पार काळवंडलेल्या.

त्यांना मी भिंगाखाली एक धागा दाखवला. आत रेशमी दोरा, त्याभोवती चांदीची पत्ती आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. दमट हवेत गंधकयुक्त वायू लागले की चांदी काळी पडते. लिंबू, चिंच किंवा पॉलिश लावलं तर काळेपणाबरोबर मुलामाही निघून जातो.

खरं दुखणं तर खांद्यावर होतं. झगा वर्षानुवर्षं हँगरला टांगलेला. भरतकामाच्या वजनाने तिथलं रेशीम विरून चिरा पडल्या होत्या. कलाबतू कापडातून आरपार ओवत नाहीत, वर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी बांधतात. त्यामुळे कापड गेलं की टाक्यांना धरायला काही उरत नाही आणि जर लोंबू लागते. मी आधी जाळी अंथरून व्हॅक्यूमच्या मंद ओढीने धूळ काढली. मग त्याच लाल छटेत रंगवलेलं रेशीम खालून लावलं आणि वाकड्या सुईने, शक्यतो जुन्याच भोकांतून, सुटलेली जर बांधली.

अस्तराजवळ कुणीतरी पूर्वी जाड सुती दोऱ्याने रफू केलं होतं. जिथे ते रेशमाला ओढत होतं, तिथे फोटो काढून उसवलं. बाकीचं ठेवलं, ओबडधोबड असलं तरी झगा त्यानेच तगला होता.

परत देताना अट घातली, की हा आता अंगावर घालायचा नाही. सपाट ठेवायचा, घड्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरायच्या, दाखवायचा तर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. फादर नाराज झाले. “बाई, मिस्साला नाही वापरायचा, तर मग तो कसला कासुला?”

उत्तर सोपं नव्हतं. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात २००२ पासून असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात अशी वस्त्रं काचेमागे आहेत. तिथे कारागिरी निवांत न्याहाळता येते, पण वस्त्रं वेदीपासून तुटलेली असतात. फादरांचं म्हणणं मला पटलं. तरीही अट मागे घेतली नाही, कारण ते खांदे आणखी एक फेस्त पेलणार नव्हते. शेवटी त्यांनी फेस्तासाठी नवा झगा शिवायला टाकला.